प्रशिक्षकाने नुसते पाठीचे व्यायाम करून भागेल काय?

संपादक महोदय,

कालच्या क्रीडा पुरवणीत जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षकांच्या दुखापतींवर लेख आला आहे. खेळाडूंच्या दुखापतींबद्दल सगळेच लिहितात, पण त्यांना धरणाऱ्याचेही काही दुखत असेल हे आपल्या वृत्तपत्राला सुचले, याबद्दल प्रथम आभार मानतो. लेखातले सल्ले मात्र वाचून करमणूक झाली. वर्गाआधी प्रशिक्षकाने स्वतः वॉर्म-अप करावा, पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट ठेवावेत, पाणी भरपूर प्यावे, झोप पुरेशी घ्यावी. यांतला एकही सल्ला चुकीचा नाही आणि बँकेतल्या कारकुनालाही हे चारही सल्ले तितकेच लागू पडतात.

लेखासोबतच्या छायाचित्रात एक प्रशिक्षक वरून येणाऱ्या मुलीखाली पाय जुळवून, दोन्ही हात लांब पसरून उभा आहे आणि खाली ‘विश्वासाचे हात’ अशी ओळ आहे. जाणत्या प्रशिक्षकाच्या पोटात ते हात पाहून गोळाच येईल. सरळ कोपर, वर वळलेले तळवे आणि शरीरापासून दूर आलेले वजन हे तिन्ही एकत्र आले की खांदा, कंबर किंवा दंड यांपैकी काहीतरी जातेच. आधार द्यायचा तो मुलाच्या अगदी जवळ राहून, एक पाय पुढे टाकून आणि गुडघे सैल ठेवून द्यायचा असतो. मूल वर जात असतानाच हात त्याच्या कमरेला किंवा मांडीमागे लागलेला असला पाहिजे आणि तिथून त्याच्याबरोबर खाली आला पाहिजे. पडणारे मूल हवेत अडवायचे नसते, त्याचा वेग कमी करत त्याला मॅटवर पोहोचवायचे असते. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवणे, दोन मॅटमधली फट पायाखाली येणार नाही असे उभे राहणे आणि फ्लिक (मागे हातांवर घ्यायची उलटी उडी) शिकवताना स्वतःचे तोंड मुलाच्या गुडघ्यांच्या वाटेत येऊ न देणे, या गोष्टी बारीक वाटतात. पण मुरगळलेले घोटे आणि फुटलेली नाके बहुतेक यातूनच होतात, आणि लेखात यातले एक अक्षर नाही.

माझाच प्रसंग सांगतो. ज्या संस्थेत मी शिकवत होतो तिथे मुलींच्या खालीवर दोन बारांपैकी वरच्या बारवरून मागे साल्टो (हवेत कोलांटी) मारून उतरण्याचा सराव चालू होता. हा बार जमिनीपासून अडीच मीटर उंच असतो. त्या मुलीने हात उशिरा सोडला, ती बारकडे येऊ लागली, म्हणून मी आत घुसून एका हाताने तिला बाहेर ओढून घेतले. तिचे वजन चाळीस किलोच्या घरात असेल, पण त्या वेगात ते हाताला कितीतरी पट लागते. कोपरापाशी काडकन आवाज झाला आणि दंडाचा स्नायू गोळा होऊन वर सरकलेला मला सदऱ्यातूनही दिसला. कोपराजवळचा स्नायुबंध हाडापासून तुटला होता. मुलीला खरचटलेसुद्धा नाही, आणि त्याचे समाधान मला आजही आहे.

अशा दुखापतीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर बरे, नाहीतर स्नायू आक्रसत जातो आणि पुढचे काम अवघड होते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. कार्यकारिणीची बैठक मात्र महिनाअखेरीस होती. तिथे ठरले की मी मानधनावर असल्याने कर्मचारी नाही, सबब संस्थेवर खर्चाची जबाबदारी येत नाही. सदस्यांना मात्र अतीव दुःख झाले आहे. कामावर जखमी झालेल्याला भरपाई देणारा कायदा या देशात १९२३ साली झाला, पण तो आमच्या व्यायामशाळेच्या दारापर्यंत अजून पोहोचायचा होता. खर्च मीच केला, पण पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत उशीर झाला. आजही कुलपात किल्ली फिरवायला मला डावा हात वापरावा लागतो.

आता सांगा, पाठीचे व्यायाम करून यातले काय टळले असते? छताला कप्पी लावून दोरीने सावरायचा कमरेचा बेल्ट त्या संस्थेने विकत घेतला होता, पण छताच्या तुळईला हूक बसवण्याचा खर्च मंजूर न झाल्याने तो प्लॅस्टिकच्या वेष्टनासह सामानाच्या खोलीत पडून होता. उतरताना पडायला फोमचा खड्डा नव्हताच. ती मुलगी त्या साल्टोसाठी तयार नव्हती हे मला, तिला आणि बहुधा बारलाही ठाऊक होते, पण जिल्हा स्पर्धा तोंडावर आली होती आणि तो घटक तिच्या कसरतींच्या संचात असावा असा वरून आग्रह होता. स्पर्धेत प्रशिक्षकाने हात लावून मदत केली तर गुण कापतात. सरावात तसे काहीच कापले जात नसल्याने अपुऱ्या तयारीची आणि नसलेल्या साधनांची सगळी भर प्रशिक्षकाच्या हातांनी घालायची, असा सोयीस्कर समज होऊन बसला आहे. उन्हाळी शिबिरात एकेका प्रशिक्षकाकडे तीस-तीस मुले असतात, त्यांतले प्रत्येक जण “सर, धरा ना” म्हणत रांगेत उभे असते आणि संध्याकाळपर्यंत तेच दोन हात शेकडो वेळा वजन उचलून बसलेले असतात. पायऱ्या गाळू नका, वजन ठोकळ्यावर आणि बेल्टवर जाऊ द्या, आणि मूल तयार नसेल तर ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रशिक्षकाला द्या. प्रशिक्षकाला वाचवायचे असेल तर हे संस्थाचालकांना सांगायला हवे. त्यांना उद्देशून आपल्या लेखात एकही वाक्य नाही.

रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ साली जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचे कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले, तेव्हा तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांचे नाव देशाला कळले आणि त्यांना द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला, हे उत्तमच झाले. आपल्याच पुरवणीत मात्र गेल्या महिन्यात आमच्या विभागीय स्पर्धेच्या बक्षीस समारंभाचे छायाचित्र आले, त्यात व्यासपीठावरील पाहुण्यांची नावे पदांसह होती, मुलींची नावे होती आणि त्यांना घडवणारी प्रशिक्षिका ‘व इतर’ मध्ये होती. तिच्या मनगटावरचा पट्टा छायाचित्रात स्पष्ट दिसत होता.

यापुढे असे छायाचित्र छापण्यापूर्वी ते एखाद्या प्रशिक्षकाला दाखवावे, ही विनंती. हे पत्र जागेअभावी कापायचे झाल्यास माझे कौतुकाचे पहिले वाक्य खुशाल कापावे, पण संस्थेच्या बैठकीचा मजकूर ठेवावा. मागच्या पत्रातून नेमका तोच गेला होता.

आपला,
एक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक, सातारा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)