मेंढ्या विणायच्या आधी एकदा वाड्यावर या: वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी इंदापूर तालुक्यातल्या एका मेंढपाळाचा मुलगा. स्वतः एमआयडीसीत कामाला आहे, पण आईवडील आणि चुलते अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात. दिवाळी झाली की मी सुट्टी टाकून आठ-दहा दिवस वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या रानातल्या मुक्कामावर जातो कारण थंडीत मेंढ्या विणायला लागतात आणि रात्री जागायला माणसं कमी पडतात. नेमकी त्याच दिवसात लांडगीणपण व्यालेली असते, तिलाही पिल्लांचं पोट भरायचं असतं, म्हणजे इकडं कोकरं आणि तिकडं त्यांची पिल्लं, दोन्ही एकाच हंगामात. पत्र त्याचसाठी लिहितोय.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. बाजरी निघालेल्या एका रानात आमचा वाडा होता, शेतकऱ्याशी खतासाठी तीन रात्री रानात मेंढरं बसवायची बोली झालेली. 140 मेंढरं आणि पंधरा दिवसांच्या आतली 22 कोकरं. अगदी कालपरवाची होती ती डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली झाकलेली, बाकीची आयांबरोबर वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत. पहाटे तीनच्या सुमाराला कुत्री एका अंगाला भुंकत पळाली, वडील टॉर्च घेऊन त्यांच्या मागं गेले आणि तेवढ्यात दुसऱ्या अंगानं वाघरी खालून उचलून लांडगे आत आले. एकानं हूल द्यायची आणि दुसऱ्यानं डाव साधायचा ही त्यांची रीत आम्हाला लहानपणापासून माहितीय, तरी दर वर्षी फसतो कारण दोन्ही बाजूला उभं राहायला माणूसच नसतं. चार कोकरं गेली. मेंढरं बिथरून एका कोपऱ्यात चेंगरली, त्यात एक गाभण मेंढी सकाळी गाभडली. ज्यांची कोकरं गेली त्या मेंढ्या दोन दिवस ओरडत होत्या, चरायला तोंड घालत नव्हत्या, कासा दगडासारख्या झाल्या. आई त्यांना धरून धरून दूध काढत होती आणि रडत होती. हे नुकसान कुठल्या फॉर्मवर लिहायचं साहेब?

सकाळी वनखात्याला फोन केला. पहिला प्रश्न, मेलेलं जनावर कुठंय? आता दहा दिवसांचं कोकरू लांडगा जाग्यावर खात बसत नाही, तोंडात धरून दोन-तीन किलोमीटर लांब नेतो. आमच्याकडं दाखवायला काय होतं, तर थोडं रक्त, मातीत उमटलेले पंजे आणि फाटलेली वाघरी. मी मोबाईलवर सगळे फोटो काढून ठेवले होते. वनखात्याचे गार्ड येतील म्हणून थांबलो पण तीन रात्रींची बोली संपली, शेतकऱ्याला रान नांगरायचं होतं, आम्ही नऊ किलोमीटर पुढं सरकलो. गार्ड आले ते जुन्या रानात, तिथं कोणी नाही म्हणून परत गेले. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्याकडं एक मोटारसायकल आणि ढीगभर गावं. पण पंचनामा झाला नाही तो नाहीच.

शासनानं नुकसानभरपाई वाढवली, मेंढी-शेळी मेली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार, यातली जी कमी असेल ती. त्याबद्दल खरंच आभार. पण हा नियम एका जागी राहणाऱ्या माणसाला आणि जागेवर सापडणाऱ्या मढ्याला धरून बनलाय. 48 तासात कळवा म्हणता ते आम्ही कळवतो, पण पंचनाम्यापर्यंत जनावर हलवू नका म्हटलं तर आमचं तर बिऱ्हाडच हलतं. आणि दहा दिवसांच्या कोकराचा बाजारभाव काय धरणार? बाजारात त्या वयाचं कोकरू कोणी विकायलाच नेत नाही. तीन-चार महिन्यांनी तेच कोकरू विकून आमच्या घरात शाळेची फी आणि किराणा भरला जातो. म्हणून भाव धरायचा तर त्या विक्रीच्या वयाचा धरा, मेंढपाळाचं हातावर आलेलं पीक आहे ते.

अजून एक, हे कोणी बोलतच नाही. पुष्कळदा कोकरं भटकी कुत्री मारतात. माळाच्या कडेच्या ओढ्यात पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या पोत्यानं आणून टाकतात, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि त्या रात्री वाड्यावर येतात. कुत्रं वन्यप्राणी नाही म्हणून भरपाई शून्य. मग होतं काय, ज्याची कोकरं कुत्र्यांनी मारली तोपण लांडगाच सांगतो, गावात लांडग्याचं नाव अजून खराब होतं आणि तुमच्या रजिस्टरमध्ये खरं काय झालं ते येतच नाही. कुत्र्यांमुळं लांडग्यांचंही नुकसानच आहे, त्यांच्याकडून रोग जातात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत निघालंय. म्हणजे माळावरच्या कोंबड्या उचलल्या आणि कुत्र्यांची नसबंदी-लसीकरण केलं तर मेंढपाळ आणि लांडगा दोघंही वाचतात. हे काम एकट्या वनखात्याचं नाही, पशुसंवर्धन आणि ग्रामपंचायतीला सोबत घ्यावं लागेल, पण बोलावणं तुमच्याकडून गेलं पाहिजे.

कोणी म्हणेल लांडगा मारायची परवानगीच मागा ना. आम्ही ती मागत नाही. माझी आजी म्हणायची कळपात लांडग्याचा वाटा असतोच, तो देवानं लिहून दिलाय. पूर्ण देशात लांडगे आता तीन हजाराच्या आसपास राहिलेत, 2022 च्या गणनेत वाघ 3682 भरले, म्हणजे लांडगे वाघांपेक्षा कमीच. आणि मारून प्रश्न सुटतही नाही. अमेरिकेत कोयोट म्हणून प्राणी आहे, लांडग्यापेक्षा लहान, कोल्ह्यापेक्षा दांडगा, गाई नाहीतर मेंढ्या विणायच्या दिवसात तिथल्या पशुपालकांना हाच त्रास. तिथलं सरकारी खातं वर्षाला हजारोंनी कोयोट मारतं आणि तरी तो जवळजवळ सगळ्या देशभर पसरलाय. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीनं मात्र 2000 च्या सुमारास कोयोट मारणाऱ्यांचा करार थांबवून पैसा मेंढपाळांकडं वळवला, कुंपणं आणि राखणीच्या कुत्र्यांसाठी. आपल्याकडं तर राखणीची कुत्री, त्यांच्या गळ्यातले काट्याचे पट्टे, रात्रीची राखण हे सगळं पिढ्यानपिढ्या चालत आलंय, फक्त त्याला कोणी हात दिलेला नाही.

मला भीती वेगळीच आहे. सलग दोन-तीन रात्री कोकरं गेली आणि पंचनामा झाला नाही की कोणीतरी मेलेल्या मेंढीवर विषारी औषध टाकतं. लांडगा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी, त्याला मारलं तर 3 ते 7 वर्षं कैद आहे, हे गावात सगळ्यांना माहिती आहे, तरी औषध टाकलं जातं कारण रात्र काढायची असते. मग त्या एका मढ्यावर अख्खी टोळी जाते, तरस जातं, कोल्हा जातो, आमची स्वतःची कुत्री जातात.

आमच्या भागात कडबनवाडी आणि शिर्सुफळला खात्यानं गवताळ सफारी सुरू केली ते फार चांगलं केलं, शहरातली माणसं पैसे भरून लांडगा बघायला येतात. पण तो लांडगा जगतो कशावर ते पण बघा. चिंकारा आता मोजका, माळावर चर खणून झाडं लावली, गवत गेलं, आजूबाजूला ऊस आला, मग त्याला खायला आमचीच मेंढरं राहतात. त्या सफारीच्या पैशातून थोडा वाटा ज्या वाड्यांवर लांडगा पोसला जातो तिथं आला तर त्यात वावगं काहीच नाही.

आणि तो वाटा आला तर काय करायचं तेही सांगतो. आमची वाघरी कमरेएवढी आणि जुनी आहे, तिच्या जागी उंच, जाड, खालून मेखा ठोकता येईल अशी आणि घोड्यावर लादता येईल एवढी हलकी जाळी द्या. वेगवेगळ्या वेळेला वेगवेगळ्या दिशेनं चमकणारे सोलर लाईट द्या, नुसता एकसारखा जळणारा बल्ब नको, त्याला लांडगा चार दिवसात सरावतो. आमच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांच्या लसी टोचा. मेंढी व्याली की जार (विताना पडणारी वार) वाड्यापासून लांब खोल पुरायची, हे तरुण पोरं आता विसरत चाललीत, वासावर जनावर येतं, त्याचं शिबिर घ्या आणि ते म्हाताऱ्या मेंढपाळांकडून घ्या. हे सगळं दसऱ्याच्या आत पोहोचलं पाहिजे, मार्चमध्ये निधी संपवायला वाटलेली जाळी आमच्या काही उपयोगाची नाही.

पंचनाम्याचं तर एका कागदावर होईल. मेंढपाळाचा मोबाईल नंबर आणि कळपाची एकदा नोंद करा, मग वाडा कुठंही असू दे, लोकेशनसकट फोटो, पंजाचे ठसे, फाटलेली वाघरी आणि रानमालकाची साक्ष एवढ्यावर पंचनामा धरा. मढं नाही म्हणून अर्ज फेटाळू नका. दुधावरचं कोकरू उचलून नेलं तर मढं मिळणारच नाही, हे तुमच्याच खात्यातल्या कुठल्याही अनुभवी गार्डला विचारा.

यंदा दिवाळीनंतर आमचा वाडा पुन्हा त्याच भागात असेल. तुम्ही एक रात्र या, बंदोबस्त न घेता, घोंगडं आम्ही देऊ. तीन वाजता जागे राहा आमच्याबरोबर. माझ्या वडिलांचं वय आता 63 आहे आणि त्यांना एका बाजूलाच धावता येतं.

आपला,
एका मेंढपाळाचा मुलगा
ता. इंदापूर, जि. पुणे