आधी कोड दाखवा, मग गिअरबॉक्सचं बोला

मा. संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात गगनबावड्याहून येताना कळ्याजवळ माझी ऑटोमॅटिक गाडी तिसऱ्या गिअरवरच अडकली, चेक इंजिनचा दिवा लागला, रिव्हर्स नीट पडतोय पण पुढं जायला जागेवरनं उचलच घेईना, तशीच रेटत घर गाठलं. सकाळी एका मोठ्या वर्कशॉपला नेली तर बॉनेटसुद्धा न उघडता म्हणाले गिअरबॉक्स गेला, नवीन बसवा, पावणेदोन लाख. पोटात गोळाच आला.

मग उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर, म्हणजे कोड, वाचणारा स्कॅनर लावला, कोड आला पी०७५८, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड बी (गिअर बदलायला ऑइलची वाट उघडबंद करणारा विजेवरचा वॉल्व्ह) च्या सर्किटमध्ये बिघाड. कोड आला म्हणून लगेच पार्ट बदलायचा नसतो म्हणाले, वायर तुटली असंल, कनेक्टरात पाणी गेलं असंल नाहीतर कॉइल जळली असंल. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे कनेक्टर आतनं हिरवे पडलेले त्यांनी कितीतरी बघितलेत. माझा कनेक्टर स्वच्छ निघाला. मग गिअरबॉक्सखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं, सोलेनॉइडच्या पिनेला आणि बॉडीला मीटर लावला. शेजारच्या चांगल्या सोलेनॉइडला १३ ओहम, आणि बी ला आकडाच येईना, कॉइल तुटलेली. ऑइल जरा काळपट होतं पण जळका वास नव्हता, चेंबरमधल्या चुंबकावर नुसता पिठासारखा करडा गाळ, लोखंडाचा जाडसर तुकडा एकबी नाही, म्हणजे आतले क्लच शाबूत. ते चुंबक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं, एवढं आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

सोलेनॉइड, फिल्टर, गॅस्केट, नवं ऑइल, सगळं मिळून साडेअकरा हजार. गाडी आता लोण्यासारखी गिअर बदलते.

गाडी तिसऱ्यावर अडकली म्हणजे गिअरबॉक्स मेला असं नसतं, सर्किट तुटलेलं दिसलं की कॉम्प्युटरच त्याला जपायला एका गिअरवर थांबवून ठेवतो, आणि हे न सांगता माणसाला लाखांत पाडणं मला अजिबात पटत नाही, कर्ज काढून गाडी घेतलेली माणसं आहोत आम्ही. कोल्हापुरातल्या सगळ्या वर्कशॉपवाल्यांना कळकळीची विनंती आहे, एस्टिमेटच्या कागदावर कोड, मीटरचं रीडिंग आणि ऑइल कसं निघालं ते लिहून द्या. ग्राहकांनीबी ते मागून घ्यावं आणि काढलेला जुना पार्ट घरी न्यावा. माझं ते जळकं सोलेनॉइड मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय, कुणाला बघायचं असंल तर दाखवतो.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर