शंभराच्या आतला पट असलेल्या शाळांनाही समुपदेशक मिळावा

मा. संपादक,
स. न.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातील शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि त्याहून कमी पटाच्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था उभारावी, असे त्यांत म्हटले आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट अनेकदा वीस-पंचविसाच्या पुढे जात नाही. आणि बाहेरचा तज्ज्ञ गाठायचा तर पालकांना दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तालुक्याला, नाहीतर थेट रत्नागिरीला जावे लागते.

गणपती आटोपून चाकरमानी परतले की पुढचे काही दिवस अशा एखाद्या शाळेत डोकावून पाहावे. आईवडील मुंबईला आणि मूल आजीआजोबांकडे, अशी घरे इथे कमी नाहीत. ते मूल परिपाठाला रांगेत उभे राहते, पण तोंडातून प्रार्थना निघत नाही. दुपारी खिचडीचे ताट पुढ्यात घेऊन नुसती शिते चिवडत बसते. हे बाईंच्या नजरेतून सुटत नाही. परंतु द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी बैठकीला गेलेले असले की चारही इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी आणि वरून तातडीने मागवलेली ऑनलाइन माहिती एकट्याने सांभाळताना त्या मुलाजवळ दहा मिनिटे बसणे त्यांना जमत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सामाजिक-भावनिक शिक्षणाचा पुरस्कार केला, ते योग्यच झाले. राग कसा आवरावा, भीती वाटली तर कोणाला सांगावे, मैत्रिणीशी बिनसले तर पुन्हा बोलते कसे व्हावे, हे शिकवता येते आणि त्याची सुरुवात परिपाठातही होऊ शकते. त्यासाठी आणखी एक नोंदवही व मासिक अहवाल मात्र कृपया सुरू करू नये.

शासनाला माझी कळकळीची विनंती आहे की, या कामापुरता पट शाळेचा न धरता संपूर्ण केंद्राचा, म्हणजे एका केंद्रशाळेला जोडलेल्या आसपासच्या सर्व शाळांचा मिळून, धरावा. केंद्राखालच्या सर्व शाळांची मुले मिळून शंभराचा आकडा सहज ओलांडतील. केंद्रशाळेत पूर्णवेळ समुपदेशक नेमून त्याने ठरल्या वारी प्रत्येक शाळेत जावे. ही नेमणूक अल्प मुदतीच्या कंत्राटावर नसावी, कारण ज्या मुलांची जिवाभावाची माणसे गणपती-शिमग्याला येऊन लगेच परत जातात, त्यांना विश्वासाने बोलायला निदान एक माणूस टिकून राहणारे हवे.

हे होईपर्यंत टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आणि बालकांच्या मदतीसाठीचा 1098 हे दोन्ही विनामूल्य क्रमांक प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावेत आणि येत्या पालक सभेत आजीआजोबांनाही समजावून सांगावेत. शाळा व्यवस्थापन समित्यांना यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
गुहागर, जि. रत्नागिरी