वाशिष्ठी फक्त पुरातच आठवायची का?

मा. संपादक,

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं नाव रोज येतं, इशारा पातळीच्या आकड्यासकट. ते यायलाच हवं. २२ जुलै २०२१ चा पूर मी माळ्यावर बसून काढला आहे; खाली माझ्या चित्रांचा लगदा होत होता. पण दसऱ्यानंतर मृगापर्यंत ही नदी जशी काही नसतेच.

मी निवृत्त चित्रकलाशिक्षक. एलिमेंटरीच्या स्मरणचित्रात नदी काढायला सांगितली की खाडीकाठच्या गोवळकोटचं पोरसुद्धा दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य आणि खाली निळी पट्टी काढायचं. त्याच्या परसामागे ओहोटीला चिखल उघडा पडतो, भरतीला पाणी उलटं चढतं, ते कागदावर कधी यायचं नाही. चूक त्याची नाही. तसं चित्र त्याला आम्ही कधी दाखवलंच नव्हतं.

परवा नातवाने मोबाईलवर अमेरिकेतल्या हडसन नदीची जुनी छापील चित्रं दाखवली. मूळ आयर्लंडचा विल्यम गाय वॉल १८२० च्या उन्हाळ्यात त्या नदीकाठाने फिरला, जलरंगात दृश्यं केली. लंडनहून आलेल्या जॉन हिलने त्यातली बहुतेक तांब्याच्या पत्र्यावर उतरवली. पत्र्यावर राळेची पूड भुरभुरवायची, गरम करून चिकटवायची, मग आम्लात बुडवायचा. कणांच्या मधलं तांबं आम्ल खातं आणि छापताना तिथे शाई धरते. उजळ ठेवायच्या भागावर व्हार्निश लावून पुन्हा बुडवायचा, पुन्हा लावायचं, पुन्हा बुडवायचा. जितका वेळ आम्लात, तितकी छटा गडद. धुकं, ढग, पाण्यावरची सावली असं सगळं त्यातूनच येतं. वर प्रत्येक प्रत हाताने रंगवलेली. ठरली होती चोवीस चित्रं, १८२५ पर्यंत वीसच निघाली. (अर्धवट राहिलेली कामंही किती टिकतात बघा!) दोघेही बाहेरून आलेले, हे मला जरा लागलं.

त्या वीस चित्रांबाहेरचं, पण याच दोघांचं, वीहॉकनच्या टेकडीवरून पाहिलेलं न्यू यॉर्कही आहे. पुढे खडक, झाडी, मधे रुंद पाणी, आणि शहर पार पलीकडे. परशुराम घाटातून खाली वाशिष्ठी बघावी, अगदी तसंच. गंमत म्हणजे हडसनलाही समुद्राची भरती ट्रॉय गावापर्यंत, दोनशेहून जास्त किलोमीटर आत चढते. तिथले मूळ रहिवासी तिला दोन्हीकडे वाहणारं पाणी म्हणत. आपल्या खाडीकाठच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

तर विनंती एवढीच. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा पाव पान नदीच्या चित्राला द्यावं. पोफळी ते दाभोळ, कुठलीही जागा चालेल. अट एकच, काठावर बसून काढलेलं हवं, आणि खाली भरती होती की ओहोटी तेवढं लिहावं. पहिलं चित्र मी गोवळकोटच्या धक्क्यावरून काढून पाठवतो. थोडं थांबावं लागेल, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस उन्हात बसू नका म्हणून सांगितलंय.

आपला,
एक निवृत्त चित्रकलाशिक्षक, चिपळूण