विशेष शाळेतला कॅमेरा वर्गात हवा

महोदय,

बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी राज्य सरकारने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश काढला. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावे, असेही त्यात होते. त्यानंतर बऱ्याच शाळांत कॅमेरे आले. माझा मुलगा ज्या विशेष शाळेत जातो तिथेही मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे कॅमेऱ्यांचे चित्रण दाखवणारा स्क्रीन लागला आहे. त्यावर फाटक, व्हरांडा, जिना आणि चपलांचे कपाट दिसते. वर्ग एकही दिसत नाही.

इतर शाळांत हे एक वेळ चालून जाईल. तिथले मूल घरी येऊन ‘बाईंनी मारलं’ म्हणू शकते. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि बोलत नाही. वर्गात काय झाले ते आम्हाला संपर्कवहीतून कळते. ‘आज हात चावला’ अशी एक ओळ असते. कुणाचा कुणी चावला, तेवढेही त्यातून समजत नाही! चिडला की तो स्वतःचेच मनगट चावतो, हे घरातही आम्ही पाहतो. त्यामुळे दंडावर वळ दिसला तरी कुणावर बोट ठेवायचे असा प्रश्न पडतो. विचारले तर बाईंना वाटते, आपल्यावर संशय घेतला. त्यांनी खरोखर काही केले नसेल, तर ते सिद्ध करायला त्यांच्याकडे तरी काय आहे?

मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठीच्या पॉक्सो कायद्यात दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत घेण्याची सोय आहे. पण ते प्रकरण पोलिसांपर्यंत गेल्यावर. चिमटा काढणे, खुर्चीला ओढणीने बांधून ठेवणे, दार लावून एकटे बसवणे असले प्रकार तिथवर पोहोचतच नाहीत, कारण सांगणारे कुणी नसते.

अमेरिकेत टेक्सास राज्याने यासाठी 2015 मध्ये वेगळा कायदाच केला. विशेष मुलांच्या स्वतंत्र वर्गासाठी पालकाने किंवा तिथल्या कर्मचाऱ्याने मागणी केली, की शाळेला कॅमेरा बसवावा लागतो, आणि तोही आवाजासकट. आवाजाचे महत्त्व आमच्यासारख्या पालकांना सांगायला नको. हात न उचलताही पुष्कळ काही करता येते. स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याच्या जागेचे चित्रण घेता येत नाही. शिक्षकाचे मूल्यमापन करायला किंवा रोज पाळत ठेवायला हे चित्रण वापरता येत नाही. काही घडल्याची तक्रार झाली, तरच ते ठरावीक लोकांना दाखवतात. वेस्ट व्हर्जिनियाने 2019 मध्ये असाच कायदा केला, तिथे तर मागणीचीही अट ठेवली नाही.

आपल्याकडे कॅमेरा म्हटला की लगेच ‘पालकांच्या मोबाईलवर थेट दाखवा’ अशी मागणी होते. दिल्ली सरकारने 2019 मध्ये तसा प्रयोग सुरू केला होता. विशेष वर्गात मात्र हे अजिबात नको. कुणाला फिट येते, कुणाची चड्डी ओली होते, कुणी जमिनीवर डोके आपटते. दुसऱ्याच्या मुलाची ही अवस्था मी माझ्या फोनवर का पाहावी? आणि त्यातली एखादी क्लिप व्हॉट्सॲपवर गेली, की मग ती परत कोण आणणार?

दुसरी अडचण तांत्रिक आहे, पण माझ्या मते सर्वांत मोठी तीच आहे. हार्ड डिस्क भरली की जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते. लहान डिस्क असेल तर हे दोनतीन आठवड्यांतच होते. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत संशय यायलाच वेळ लागतो. आधी तो दप्तर पाहून पळतो, मग जेवण कमी होते, मग सुटलेली सवय परत लागून अंथरूण ओले होऊ लागते. आपण आधी औषध बदलल्याचा दोष देतो, मग हवेचा. शाळेत विचारायला जाईपर्यंत चित्रण पुसले गेलेले असते. टेक्सासमध्ये ते किमान तीन महिने जपून ठेवावे लागते. आपल्याकडेही तेवढे हवे. साठवणुकीचा खर्च छोट्या संस्थांना जड जाईल हे खरे, म्हणून तो अनुदानातून मिळावा.

कॅमेरा बसला म्हणून काळजीवाहकाचे रिकामे पद तसेच ठेवायला मोकळीक मिळाली, असे मात्र संस्थांनी समजू नये. एकट्या बाईने एकाला शौचाला न्यायचे, तेवढ्यात दुसरा खिडकीवर चढतो. अशा ठिकाणी कॅमेऱ्यात दिसेल ते त्या बाईंचे हाल.

विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतात. या विभागाने वर्गातला कॅमेरा, त्यातला आवाज, चित्रण कोण आणि कधी पाहू शकतो, आणि ते किती दिवस ठेवायचे याचे नियम स्पष्ट लिहून शाळेच्या सूचनाफलकावर लावायला सांगावेत. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही कॅमेरे मोजून परत न जाता दोन महिन्यांपूर्वीच्या एखाद्या दिवसाचे चित्रण उघडून दाखवा, असे सांगावे.

— एक पालक, सातारा
(मुलाच्या शाळेचा विचार करून नाव छापू नये, ही विनंती.)