सिम्युलेटरच्या पडद्याला आधी टेप लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेमबाजीचा सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या गोळ्यांऐवजी पडद्यावर सराव करायचं यंत्र घेताना, पडद्यावरचं चित्र किती देखणं आहे, हे सगळे पाहतात. ते मापात आहे का, हे कुणी विचारत नाही. त्याबद्दल चार शब्द लिहितो. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण आकडे तेवढे राहू द्या.

मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं रंगरुटांना रायफल शिकवण्यात गेली, त्यामुळे जुळे सोलापुरातली भरतीची तयारी करणारी पोरं अजून काही ना काही विचारायला येतात. त्यांच्यापैकीच एकजण मला एका प्रशिक्षण संस्थेत नवा बसवलेला सिम्युलेटर दाखवायला घेऊन गेला. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांची तळमळ खरी आहे, आणि जे तिथे झालं ते कुठेही होऊ शकतं.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. रायफल खऱ्या वजनाची, नळीत अवरक्त लेझर. ट्रिगर ओढला की पडद्यावर डोळ्याला न दिसणारा ठिपका पडतो, कॅमेरा तो टिपतो आणि संगणक गोळी कुठे लागली ते दाखवतो. ट्रिगर दाबण्याआधी नळी कशी कशी भटकली, त्याची रेघसुद्धा उमटते. आमच्या वेळी उस्ताद, म्हणजे शिकवणारे, नळीवर नाणं ठेवून काडतूस न भरता नुसता ट्रिगर दाबायला लावायचे. नाणं पडलं की कळायचं, पण नेमकं कशामुळे पडलं ते उस्तादाच्या अंदाजावर. इथे श्वास चुकला की बोट झटकलं, ते पोराला स्वतःला दिसतं. एकही काडतूस खर्च न होता हे होतंय, ही मोठी गोष्ट आहे.

मुलाचा गणवेश शिवायचा कारखाना असल्यामुळे माझ्या खिशात टेप असतोच. पडद्यावर ‘अंतर ३०० मीटर’ असं लिहिलेलं होतं आणि समोर एक माणूस उभा होता. चित्र थांबवायला सांगून मी त्याची उंची मोजली. जवळपास चार सेंटीमीटर. चटईवर पडलेल्या पोराच्या डोळ्यापासून पडदा पाच मीटर. आता साधं त्रैराशिक करा. १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस ३०० मीटरवर असेल, तर पाच मीटरवरच्या पडद्यावर तो २.८ सेंटीमीटरच भरायला हवा. चार सेंटीमीटरचा माणूस म्हणजे फार तर २१०-२१५ मीटरवरचा.

कारण लगेच सापडलं. चित्र सात मीटरवरून बघण्यासाठी जुळवलेलं होतं. हॉल लहान निघाला, म्हणून चटया पुढे ओढून पाच मीटरवर घातल्या आणि संगणकातलं अंतर बदलायचं राहिलं. यंत्र चालवणारा तरुण म्हणाला, “पण काका, पोरांचे गुण चांगले येतायत की!” येणारच. टार्गेट जवळजवळ दीडपट मोठं करून दिलंय.

पुढे काय होतं ते मैदानावर बघायला मिळतं. या पडद्यावर डोळा तयार झालेला पोरगा खऱ्या रेंजवर ३०० मीटरचं टार्गेट बघतो, ते त्याला बारीक वाटतं, हे चारशेच्या पुढे असणार असं तो धरून चालतो आणि साइट चढवतो, म्हणजे लांबच्या अंतराला लावतो. गोळी वरून जाते. अंतराचा अंदाज हा नेमबाजीतला अर्धा भाग आहे, आणि तो वाचून येत नाही.

दुसरी भानगड लेझरची. लेझर नळीत आणि नजरेची रेषा त्याच्या वर चार-पाच सेंटीमीटर. पाच मीटरवर या दोन रेषा एकत्र आणून रायफल झिरो केली, म्हणजे नेम तिथेच ठिपका पडेल अशी जुळवली, आणि नंतर पोरगा मीटरभर मागे सरकला, तर पडद्यावर त्या सुमारे एक सेंटीमीटर फाकतात. एक सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या पडद्यावर तो ३०० मीटरवरच्या ६० सेंटीमीटरइतका असतो. पोरगा बरोबर नेम धरून चुकतो, मग नेम बिघडवून बरोबर मारायला शिकतो. ही सवय सोडवायला किती त्रास होतो, ते कुठल्याही उस्तादाला विचारा.

प्रोजेक्टरचंही तसंच. चार मीटर रुंद पडद्यावर चित्राच्या एका आडव्या ओळीतले १९२० ठिपके पसरले की एक ठिपका दोन मिलिमीटरहून थोडा मोठा होतो, म्हणजे पाच मीटरवरच्या पडद्यावर ३०० मीटरच्या हिशोबात साधारण साडेबारा सेंटीमीटर. माणसाचं डोकं तिथे एक-दीड ठिपक्यात संपतं. चांगल्या नजरेला याच्याहून बारीक दिसतं, म्हणजे इथे पोराच्या डोळ्यापेक्षा पडदाच अधू. ओळीत दुप्पट ठिपके असलेल्या फोर-के प्रोजेक्टरने हा ठिपका निम्मा होतो. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा, धूर आणि स्फोटांच्या आवाजावर नको.

आणखी एक बारकावा. हॉलमध्ये अंधार असतो, म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते. भर उन्हात ती बारीक होते आणि फोरसाइटची (नळीच्या टोकावरच्या साइटची) टिप नि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. अंधारात शिकलेला पोरगा उन्हात गेल्यावर गोंधळतो तो यामुळेही. प्रोजेक्टर जास्त उजेडाचा घ्यावा आणि हॉलमधले दिवे चालू ठेवून सराव घ्यावा.

पडद्यावरचा मुलूख तर साबणाच्या जाहिरातीतला वाटावा असा हिरवागार होता, मागे देवदार. त्या हिरव्यावर खाकीतला माणूस आंधळ्यालाही दिसेल. आपल्या नान्नजकडच्या माळावर, वाळलेल्या कुसळी गवतात तोच माणूस बसवा आणि शोधा म्हणावं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की दुपारी जमिनीलगतची हवा थरथरते, टार्गेट लवलवतं, कधी जागेवरून उचलल्यासारखं भासतं. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो, त्याचा हा परिणाम. अनुभवी नेमबाज त्या लहरींवरून वारा ओळखतो. पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. शिवाय पोरगा उभा असो की पालथा, चित्र तेच. पालथं पडल्यावर डोळा जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असतो आणि समोरचं गवत निम्मं टार्गेट खातं. इथे मात्र पालथ्या पोरालाही उभ्या माणसाला दिसावं तसं सगळं मैदान मोकळं!

हे सगळं आताच का लिहितो? संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सैन्यदलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्याचा आराखडा जाहीर केला. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांच्या नोकरीत प्रशिक्षणाला वेळ कमीच, तेव्हा पडद्यावरचा सराव वाढत जाणार हे उघड आहे. आपल्या शहरात राज्य राखीव दलाचा गट आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, एनसीसी आहे. उद्या जो कोणी असं यंत्र घेईल, त्याने पैसे चुकते करण्याआधी पडद्यावरचा माणूस १००, २०० आणि ३०० मीटरला मोजून बघावा. पाच मीटरवर तो अनुक्रमे साडेआठ, सव्वाचार आणि २.८ सेंटीमीटर भरला पाहिजे. पडद्याच्या मधोमध मोजून थांबू नये, चारही कोपऱ्यांत रायफल स्थिर ठेवून लेझरचा ठिपका जागेवर पडतो का ते पाहावं. चटईची जागा जमिनीवर रंगाने आखावी. हॉल बदलला, प्रोजेक्टर हलला की पुन्हा मोजावं. हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावं, नाहीतर बसवून गेलेला माणूस परत येत नाही.

मुलुखाच्या चित्रांचंही अवघड नाही. अशी यंत्रं हैदराबादेत बनतात, आपल्याहून पाच-सहा तासांच्या अंतरावर. कॅमेरा घेऊन माणूस पाठवा म्हणावं. माळ उन्हाळ्यात टिपावा. मंगळवेढ्याकडची ज्वारी मात्र जानेवारीत, कणसं भरलेली असताना घ्यावी. फेब्रुवारीत काढणी सुरू झाली की रान उघडं पडतं आणि दडायला जागाच उरत नाही.

आपला,
एक निवृत्त हवालदार
जुळे सोलापूर