बाळाचं वजन पाहताना आईकडेही बघा : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

बाळाचं वजन वाढेना की आपल्या घरांत ठरलेले उपाय सुरू होतात. दृष्ट काढतात, आईचं दूध पुरत नाही असं परस्पर ठरवून पावडरचा डबा आणतात, शेवटी डॉक्टर बदलतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-मालिश यांत कसूर नसते. पण बाळ झोपल्यावर तरी तिला झोप लागते का, हे कोणी विचारत नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी हटली नाही, तर तो आजार असू शकतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाला आणि लांबीला मागे पडण्याचं प्रमाण त्यात जास्त आढळलं.

अशी आई आळशी नसते. बाळ मूठ चोखतं, मान वळवून दूध शोधतं. थकलेल्या मनाला ते वेळेवर जाणवत नाही. पाजणं लवकर सुटतं, बाटली येते, बाटलीमागून जुलाब. लसीची तारीख हुकते. सहा महिन्यांनंतर मऊ भाताचा एकेक घास भरवायचा, तर त्याला लागणारी चिकाटी कुठून आणायची?

आपल्या इंदुरात जळगाव-भुसावळकडून आलेल्या सुना पुष्कळ. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर, माहेर लांब. हिंदी बोलता येतं, पण मनातलं सांगायला मराठीच लागते. अशा घरी आमच्या कार्यकर्त्या जाणार आहेत. बाळाचं वजन करतील आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी 1987 सालापासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली, म्हणजे अवघे 10 प्रश्न, आईला एकटीला विचारतील. सासूबाईंसमोर नाही! गरज दिसली तर डॉक्टरांकडे नेतील. दूध पाजतानाही चालतील अशी औषधं असतात, ती डॉक्टरच ठरवतील.

चमत्काराचं वचन देत नाही. पाकिस्तानातल्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन आयांशी असंच बोलणं ठेवलं. त्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : आयांचं नैराश्य निम्म्याहून कमी झालं, बाळांचे जुलाब घटले, लसीकरण वाढलं, वजन-उंचीत मात्र ठळक फरक पडला नाही. आम्हाला एवढंही थोडं वाटत नाही.

हवं आहे ते असं : तान्ह्या बाळांचे वजनकाटे, समुपदेशकांच्या मानधनासाठी आणि रिक्षाभाड्यासाठी देणगी. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल. आणि आठवड्यातून एक दुपार देतील अशा, ऐकून घेणाऱ्या बायका. सल्ले देणाऱ्या आमच्याकडे भरपूर आहेत. दूध पावडरचे डबे कृपया आणू नयेत.

देणगी व नावनोंदणी मंडळाच्या कार्यालयात, संध्याकाळी 5 ते 7. घरात कोणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर आमची वाट पाहू नका. तिला एकटीला सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. बोलण्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आपली,
महिला मंडळ कार्यकारिणी, इंदूर